नाला, झाड अन् ऊन: नागपुरात वस्तीच्या पर्यावरणाचं काम यंत्रणेकडून करून कसं घ्यायचं

आपल्याकडे पर्यावरण म्हटलं की दोनच गोष्टी होतात. एक तर पाच जूनला रोपटं हातात धरून फोटो, नाहीतर घरात पाणी शिरल्यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस आरडाओरडा. कोणता नाला किती रुंद करायचा, कुठल्या रोडवर सिमेंट ओतायचं, कोणत्या हेडखाली किती पैसे टाकायचे हे सगळं मधल्या दिवसांत ठरत असतं अन् तिथे आपण नसतोच. हा लेख त्या मधल्या दिवसांसाठी आहे, वस्तीतल्या किंवा फ्लॅट स्कीममधल्या चार-पाच चिवट लोकांसाठी. माझं म्हणणं एवढंच आहे की मागणी निर्णयाच्या आधी गेली पाहिजे, ज्याची फाईल आहे त्याच्याच टेबलावर गेली पाहिजे, अन् मोजमाप घेऊन गेली पाहिजे. यातलं एक जरी हुकलं तर "बघतो" हे उत्तर ठरलेलं.

पहिले विषय लहान करा

"नागपूरचं तापमान वाढून राह्यलं" हा विषय कुठल्याच जेईला (कनिष्ठ अभियंत्याला) हाती घेता येत नाही. "अमक्या चौकाजवळच्या कल्व्हर्टमध्ये (रोडखालच्या छोट्या पुलात) अर्धा गाळ आहे अन् त्यातून आडवी पाण्याची पाईप गेली आहे" हा घेता येतो. नदी स्वच्छ करा म्हणू नका, आपल्या लेआऊटची कोणती गडर लाईन (सांडपाण्याची पाईप) पावसाळी नालीत सोडली आहे ते चेंबर दाखवा. नाग नदीचा सुमारे १,९२७ कोटींचा प्रकल्प केंद्राकडून मंजूर आहे, तो त्याच्या गतीने चालेल, तुमचं चेंबर त्याच्यासाठी थांबवून ठेवायची गरज नाही. एका वर्षाला एक विषय पुष्कळ झाला. दहा मागण्यांचं निवेदन दिलं की त्यातली सगळ्यात सोपी, बहुतेक वेळा "दोन बाकडे बसवा", तेवढी पूर्ण होते अन् फाईल बंद.

मग फाईल कोणाची ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. कागदावर चित्र सोपं आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली, त्यात नगरपालिका-महापालिकांना देता येतील असे १८ विषय आहेत अन् नागरी वनीकरण, पर्यावरण संरक्षण त्यातच येतं. पण नागपुरात जमिनीवर पाहा. महापालिकेचे दहा झोन आहेत, शिवाय १९३६ पासूनचं नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र), शहराबाहेरच्या पट्ट्याला एनएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), काही रोड पीडब्ल्यूडीचे, हायवे एनएचएआयचा, वर मेट्रो, पूररेषेचा विषय जलसंपदाकडे, प्रदूषण नियंत्रण मंडळ वेगळं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार-पाच तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला अन् अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून थेट सीताबर्डीपर्यंत पाणी घुसलं. नंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका चालली तेव्हा महापालिका, नासुप्र, मेट्रो अशा बऱ्याच जणांना उत्तरं द्यावी लागली. सांडवा, त्याच्यासमोरचं बांधकाम, खालचं नदीपात्र, पूल, पाण्यासाठी हा सगळा एकच रस्ता आहे, कागदावर मात्र प्रत्येक तुकड्याचा मालक वेगळा.

यावर एक सोपी युक्ती आहे अन् ती फार कमी लोक वापरतात. माहितीच्या अधिकारात झोनकडे साधा अर्ज टाका की अमुक नाल्याचा अमुक ते अमुक भाग देखभालीसाठी कोणाच्या ताब्यात आहे त्याच्या नोंदीची प्रत द्या. विषय त्यांचा नसेल तर कलम ६(३) प्रमाणे तो अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. म्हणजे "आमच्याकडे येत नाही" हे तोंडी ऐकायच्या ऐवजी लेखी मिळतं अन् मालकाचं नावही त्यातच कळतं. सोबत नगररचना विभागातून त्या भागाचा डीपीचा (विकास आराखड्याचा) पार्ट प्लॅन, म्हणजे तेवढ्या तुकड्याचा नकाशा, काढून घ्या. नाला, मैदान, रोडची रुंदी, आरक्षण सगळं त्यात दिसतं, आणि कोणाची कंपाउंड वॉल नाल्यात किती सरकली आहे तेही.

मोजमाप, आणि ते नीट

पूर आला की लोक पाण्याचे व्हिडिओ काढतात, ते बरंच आहे, पण इंजिनिअरला व्हिडिओ कामी येत नाही, आकडा येतो. पाणी ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ राहते ना, ती पुसायच्या आधी तिथेच ऑइल पेंटने आडवी पट्टी मारा, बाजूला तारीख लिहा. अशा पट्ट्या दहा घरांवर मारा, प्रत्येकीची उंची रोडच्या मध्यापासून टेपने मोजा अन् कागदावर उतरवा. दहा घरांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की पाणी कुठून आलं ते आपोआप दिसतं. बऱ्याच जुन्या वस्त्यांत उत्तर एकच निघतं, की नवा सिमेंट रोड जुन्या डांबरी रोडच्या वर चढवला, घराचा ओटा खाली राह्यला अन् पावसाळी नालीची जाळी एका बाजूला उंच. नाला भरायच्या आधीच पाणी घरात.

कल्व्हर्ट मोजताना रुंदी, उंची, गाळाची जाडी अन् मधून गेलेल्या पाईप-केबल या चार गोष्टी लिहा. आडवी पाईप सगळ्यात वाईट, तिला पन्न्या, थर्माकोल, गाद्या अडकतात अन् अर्ध्या तासात तो पूल बंधारा होतो. नाल्यात उतरायचं काम सुक्या दिवसांत, काठावरून बांबूने, पावसाळ्यात हिरोगिरी नको.

उन्हाचं मोजमाप करायचं असेल तर थर्मामीटर भिंतीला, उन्हात किंवा टिनाजवळ लटकवू नका. मे २०२४ मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी गेली अन् मग हवामान खात्याला सांगावं लागलं की सेन्सर बिघडला होता. (खरा मोठा आकडा २३ मे २०१३ चा, ४७.९. तोही काही कमी नाही.) त्यापेक्षा टिनाच्या घरात खोलीच्या मधोमध, रात्री दहा वाजता अन् पहाटे, आठ-पंधरा दिवस रोज त्याच वेळी नोंद घ्या. दुपारचा आकडा हवामान खातं देतंच, रात्री घर थंड होत नाही ही गोष्ट कोणाच्याच रजिस्टरला नसते अन् म्हाताऱ्या माणसाला त्रास तिथेच होतो.

झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजतात. जात, घेर, जागा अन् बुंध्याभोवती किती जागा मोकळी आहे, बस. हवेचं मोजमाप आपल्या हातात फारसं नाही, सिव्हिल लाईन्स, महाल, रामनगर, अंबाझरी इथली केंद्रं आहेत, त्यांचे आकडे ऑनलाईन दिसतात. पीएम १० ची, म्हणजे हवेतल्या बारीक धुळीची, वार्षिक मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे हे लक्षात ठेवलं तरी पुरे.

कॅलेंडर, हे भिंतीवर लावा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची म्हणून जरा लांबवतो.

महापालिका अधिनियमाचं कलम ६७-अ. आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैच्या आत मागच्या वर्षाचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. या अहवालाची वाट पाहत बसायचं नाही, एप्रिल-मेमध्येच पर्यावरण विभागाला आपले आकडे देऊन ठेवायचे अन् "अहवालात समाविष्ट करावे" असं लिहायचं. समाविष्ट केलं तर पुढे बजेटला आधार मिळतो, नाही केलं तर नगरसेवकाला सभागृहात विचारायला प्रश्न मिळतो.

बजेट साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडलं जातं पण विभागांच्या मागण्या त्याच्या बऱ्याच आधी जमा होतात. म्हणून पुराच्या पट्ट्यांचा कागद ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच झोनला पोचला पाहिजे अन् त्यावर प्राकलन (खर्चाचा अंदाज) बनवायला लावलं पाहिजे. प्राकलनाशिवाय मागणी म्हणजे नुसती इच्छा. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून वॉर्डातली कामं बजेटसाठी मागवतात, आपल्याकडे सूचना मागवल्याची जाहिरात आली नाही तरी पत्र द्यायला कोणी अडवलेलं नाही.

नाला सफाई उन्हाळ्यात होते. पोकलेन येतं, गाळ काढतं अन् काठावर ढीग लावून निघून जातं, मृगाच्या पहिल्या सरीला तो ढीग परत नाल्यात. त्यामुळे तुमचं पत्र सफाई सुरू व्हायच्या आधी, मार्चमध्येच जायला हवं अन् त्यात गाळ उचलण्याची मागणी वेगळी लिहायला हवी.

झाडांच्या बाबतीत तर दिवस मोजूनच असतात. १९७५ चा महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे, त्याप्रमाणे झाड तोडायच्या अर्जावर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते अन् झाडावरही चिकटवावी लागते. हरकतीला साधारण सातच दिवस असतात. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा जास्त वयाचं झाड हेरिटेज ठरतं. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावायची असंही त्याच दुरुस्तीत आहे. हरकत लिहिताना "झाडं म्हणजे प्राणवायू" वगैरे निबंध नको. झाडाचं वय अर्जात कमी दाखवलंय का, रोडचं डिझाईन दोन मीटर सरकवून झाड वाचतं का, भरपाईची झाडं कुठे लावणार अन् त्या जागेवर मागच्या वेळची जगली का, असे तपासता येणारे मुद्दे लिहा अन् प्रत्यक्ष सुनावणी मागा. २०२१ मध्ये अजनी वनाच्या (अजनीतल्या रेल्वेच्या जागेवरच्या झाडांच्या) वेळी लोक रस्त्यावर उतरले ते सगळ्यांना आठवतं, पण त्या सोबतीला लेखी हरकतींचा गठ्ठाही लागतो.

डीपीमधल्या आरक्षणात बदल करायचा असेल तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे नोटीस काढून एक महिना हरकती मागवतात. मैदानाचं मार्केट होतं ते याच एका महिन्यात, अन् ही नोटीस पेपरच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात असते. ग्रुपमधल्या एका रिटायर्ड काकांना हे काम द्या, ते पेपर पूर्ण वाचतात.

पत्र

पत्र एका पानाचं. झोनच्या सहायक आयुक्तांना, प्रत संबंधित उपअभियंत्याला. नमुना असा:

"विषय: प्रभाग क्र. … मधील … चौकालगतच्या कल्व्हर्टमधील गाळ व आडवी पाईपलाईन काढणेबाबत. महोदय, सदर कल्व्हर्टची उंची … मीटर असून त्यात … मीटर गाळ आहे. दि. … रोजीच्या पावसात लगतच्या … घरांत … ते … सेंटिमीटर पाणी शिरले, मोजमाप तक्ता व फोटो जोडले आहेत. विनंती की (१) दि. … पूर्वी आमच्या उपस्थितीत संयुक्त पाहणी करावी, (२) पाहणी अहवालाची प्रत द्यावी, (३) पाईपलाईन स्थलांतराचे प्राकलन तयार करावे."

आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का अन् आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. "साहेबांना देतो, ठेवून जा" म्हटलं तर हसून म्हणायचं, हो ना भाऊ, शिक्का तेवढा मारून द्या.

संयुक्त पाहणी

चावी इथे आहे. जेई, पाणीपुरवठ्याचा माणूस, स्वास्थ्य निरीक्षक अन् रोड दुसऱ्या यंत्रणेचा असेल तर तिचा इंजिनिअर हे सगळे एकाच वेळी एकाच पुलावर उभे राह्यले की एकमेकांवर ढकलणं अवघड होतं. सकाळी लवकर ठेवा, गर्दी जमवू नका, घोषणा तर अजिबात नको. जेई तुमचा दुश्मन नसतो, त्याच्याकडे तीन प्रभाग अन् पन्नास तक्रारी असतात, तुम्ही तयार मोजमाप दिलं तर त्याचं अर्धं काम होतं अन् तो तुमच्या बाजूने टिपणी लिहितो. पाहणी संपली की तिथेच पाच ओळीत लिहा, कोण हजर होतं, काय दिसलं, कोण काय करणार, कधीपर्यंत, अन् सगळ्यांच्या सह्या घ्या. सही द्यायला कोणी टाळलं तर तेच त्याच संध्याकाळी मेल करून ठेवा.

नगरसेवकाला बोलवायचं का? बोलवा, पण पाहणी ठरल्यावर. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली अन् जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच होते, त्या काळात लोकांना थेट अधिकाऱ्याकडे जायची सवय लागली, ती मोडू नका. बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक आहेत, चौघांनाही तेच पत्र द्या, नाहीतर प्रत्येकाला वाटतं की हे दुसऱ्याचं काम. कायद्यात प्रभाग समिती आहे, क्षेत्रसभासुद्धा आहे, क्षेत्रसभा भरलेली तुम्ही कधी पाह्यली नसेल, तरी लेखी मागणी करत राहा.

नाल्याकाठच्या घरांशी आधी बोला

फ्लॅट स्कीमवाले निवेदनात पहिली ओळ "अतिक्रमण हटवा" लिहितात अन् बोट असतं नाल्याकाठच्या झोपड्यांकडे. मला हे पटत नाही. एकतर पुरात सगळ्यात आधी तेच बुडतात. दुसरं म्हणजे पार्ट प्लॅन उघडला की नाल्याची रुंदी खाणारी पक्की भिंत, पार्किंग, लॉन हेही निघतं. नाला कधी किती भरतो, गाळाचा ढीग कोण टाकून गेलं, रात्री कोणाची टँकर नाल्यात रिकामी होते, हे त्या घरांतल्या बायांना माहीत असतं, ऑफिसात कोणालाच नाही. त्यांच्याशिवाय केलेली मागणी अर्धवट राहते, अन् उद्या खरंच कारवाई झाली तर त्यांच्या पुनर्वसनाचा मुद्दा तुमच्या कागदावर आधीपासून लिहिलेला पाहिजे. पूररेषा विचाराच: निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन परवानगी दिली असेल तर तिची फाईल बघायचा तुम्हाला हक्क आहे.

उन्हाचं काम वेगळं आहे

अहमदाबादने २०१३ मध्ये देशातला पहिला हीट ॲक्शन प्लॅन केला, त्यानंतर काही वर्षांत नागपूरनेही केला. पुरासारखी इथे एक जागा पकडता येत नाही, म्हणून फेब्रुवारीतच आरोग्य विभागाला विचारा की आमच्या प्रभागातला नोडल माणूस कोण, अलर्ट आल्यावर काय काय उघडं ठेवणार. मागण्या वस्तीपुरत्या ठेवा: दुपारी बाग बंद करू नका, बाजार चौकात प्याऊ अन् त्याला रोज पाणी भरणारा माणूस, ऑटो स्टँड अन् लेबर ठिय्यावर सावली, सिग्नलवर हिरवी जाळी लावतात तशी. टिनाच्या छपरांना पांढरा चुना किंवा कूल रूफ पेंट मारायचं काम वस्तीने स्वतः करावं, खर्च कमी आहे अन् फरक रात्री कळतो. नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) सुरू झाल्यावर मागणी करून काही उपयोग नाही.

झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट अन् गट्टू भरलेले असतील तर तेही याच फाईलमध्ये घ्या. एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) २०१३ मध्ये दिल्लीसाठी दिलेल्या आदेशात झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं, उद्यान विभागाला तो दाखला देता येतो.

काम अडलं तर

पहिले माहितीचा अधिकार. फी दहा रुपये, महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत अन् एकाच विषयावर, उत्तराला ३० दिवस. "काहून केलं नाही" असं विचारू नका, कारण विचारलं की उत्तर येतं "माहिती या स्वरूपात उपलब्ध नाही". कागद मागा: सफाईच्या कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची पानं, गाळ वाहून नेलेल्या गाड्यांच्या फेऱ्यांची नोंद. त्याहून बरं म्हणजे फाईलची प्रत्यक्ष पाहणी मागणं, पहिला तास फुकट असतो अन् टिपणीच्या पानांवर कोणी काय लिहून अडवलं ते डोळ्यांनी दिसतं. उत्तर नाही आलं तर वीस रुपयांचं पहिलं अपील.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन, जिथे तक्रार थेट अधिकाऱ्यांपुढे मांडता येते. त्याच्याही पुढे एनजीटी, आपल्यासाठी पुण्याचं खंडपीठ, वादाचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं हे विसरू नका. उच्च न्यायालयाचा रस्ता नागपुरात जवळ आहे अन् इथल्या खंडपीठाने पर्यावरणाचे विषय बरेचदा स्वतःहूनही घेतले आहेत, पण कोर्ट यंत्रणेला कामाला लावू शकतं, कल्व्हर्टचं डिझाईन करून देत नाही. तिथेही तुमचा तक्ताच कामी येतो.

एक गोष्ट भांडणाशिवाय झालेलीही सांगतो, कारण सगळं भांडूनच होतं असं नाही. भांडेवाडीचं सांडपाणी शुद्ध करून महानिर्मितीच्या वीज केंद्राला, कोराडीकडे द्यायचं, हा करार शहराने केला. एकाची डोकेदुखी दुसऱ्याची गरज होती. तुमच्या वस्तीतही असा सौदा शोधा. मंगल कार्यालयाला पार्किंग पाहिजे, वस्तीला पाणी जिरायला जागा पाहिजे, मग पार्किंगला सिमेंटऐवजी खडी अन् कडेला शोषखड्डा, असं काहीतरी. ५०० चौरस मीटर अन् त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या नव्या बांधकामाला पावसाचं पाणी जिरवणं तसंही सक्तीचंच आहे, नुसतं प्लॅनवर आहे की जमिनीत आहे तेवढं विचारायचं.

काम झाल्यावर

फटाके फोडू नका. कार्यादेशात दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो, तेवढ्या काळात काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने नीट करायचं असतं. ती तारीख काढून कॅलेंडरवर टाका. पहिल्या मोठ्या पावसात त्याच दहा घरांसमोर पुन्हा टेप लावा, पाणी खाली आलं तर तो तक्ताही झोनला द्या, जेईला बरं वाटतं अन् पुढच्या कामाला तोच माणूस लवकर येतो. बदल्या होत राहतात, नवा साहेब आला की त्याला जुनं काही माहीत नसतं, म्हणून पूर्ण फाईलचे दोन सेट ठेवा, एक अशा घरी जे भाड्याचं नाही, अन् दुसरा स्कॅन करून ग्रुपच्या ड्राईव्हवर, ज्याचा पासवर्ड निदान तिघांकडे असेल.